भोईटे बाईंचा एक शब्द

फोन आला तेव्हा मी दुसरीच्या वर्गात होते. शाळेच्या वेळेत सुभेदारसाहेब कधी फोन करत नाहीत, म्हणून नाव दिसताच व्हरांड्यात आले. पलीकडून आधी लोणंदच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज... मग ते म्हणाले, "संगीता, तुमच्या ताई गेल्या. पहाटे. झोपेतच गेल्या." फौजेत उभी हयात काढलेला माणूस, वाक्य संपलं की थांबतो. मी वर्गात परत आले, फळ्यावर अर्धवट राहिलेला शब्द पूर्ण केला आणि पोरांकडं बघत नुसतीच खुर्चीत बसून राहिले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, डोकं दुखतंय का?" मी हो म्हणाले.

ताई म्हणजे अलका भोईटे, सुभेदारसाहेबांच्या पत्नी. पोरांच्या भोईटे बाई. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका वाडीवर आमची दोन शिक्षकांची शाळा होती. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा. ताई मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली. त्या गेल्यावर शिक्षकांच्या ग्रुपवर दिवसभर फोटो आणि मजकूर येत राहिले. कुणी त्यांना निसर्गकन्या म्हटलं, कुणी झाडांची आई. बाभळीखाली पोरांच्या घोळक्यात बसलेल्या ताईंचा एक फोटो तर प्रत्येकानं टाकला. सगळं खरंच होतं. पण संध्याकाळपर्यंत मला ते वाचवेना. पेपरच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहा म्हणून मला सांगण्यात आलं तेव्हा मीही पहिल्यांदा तसंच लिहिलं. गोड गोड. लिहून झाल्यावर वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. कारण जी गोष्ट ताईंनी आयुष्यभर स्वतःच्या तोंडानं सांगितली, तीच मी वगळली होती. त्या असत्या तर कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या असत्या, "अगं, हे कुणावर लिहिलंयस?"

म्हणून हे पुन्हा पहिल्यापासून.

ताई लोणंदच्या. बाजारपेठेचं गाव, रेल्वे, कांद्याचे ट्रक, चोवीस तास माणसांचा राबता. तिथून त्यांची बदली आमच्याकडं झाली तेव्हा त्या एसटीतून उतरून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या होत्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. चहूकडं माळ. कुसळं, तरवड, अधूनमधून एखादी बाभूळ. सुभेदारसाहेब तेव्हा सीमेवर होते आणि मुलगा आजीजवळ लोणंदला. ताईंनी वाडीत एक खोली घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिसरीच्या पोरांना पुस्तक वाचायला सांगितलं. पोरं धडाधडा वाचायला लागली. धडा समुद्राचा होता. ताईंच्या लक्षात आलं, की पानावर बोट एका ओळीवर आहे आणि तोंड दुसरीच ओळ म्हणतंय. सगळा धडा पाठ होता. त्यांनी मधलाच एक शब्द झाकून दाखवला, तर एकालाही लावता येईना. बहुतेक पोरं मेंढपाळांची. घरात कन्नड, रानात कन्नड-मराठीची भेसळ, आणि पुस्तकातली मराठी म्हणजे तिसरीच कुठली तरी भाषा. समुद्र तर कुणाच्या बापानं बघितला नव्हता.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, इथं बाहेर काय काय आहे ते मला दाखवता का? मी नवीन आहे, मला काही माहीत नाही. पोरं त्यांना माळावर घेऊन गेली. एका जागी सगळी एकदम थांबली. एका पोरानं ताईंचं मनगट धरलं आणि पुढं टाकलेलं पाऊल मागं घ्यायला लावलं. समोर खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी होती, आणि वर टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत फिरत होती. ताई शाळेत आल्या, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'टिटवी' लिहिलं. वर्षभर ज्याला ट ओळखता आला नव्हता त्या पोरानं तो शब्द वाचला. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'टिटवी सावध आहे.' सावध म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही, सगळ्यांनी नुकतंच ते बघितलं होतं. दोन दिवसांनी एक मुलगी शाळेत येऊन म्हणाली, बाई, आमचं कुत्रं रात्री सावध असतंय. तो आनंद ताई विसरल्या नाहीत. मी रुजू झाले तेव्हा मला पहिल्यांदा त्यांनी हेच सांगितलं होतं.

पुढची काही वर्षं आमची शाळा खरोखर बघण्यासारखी होती. एक खोली भरून सुगरणीचे खोपे, सापाची कात, पिसं, शेंगा, वाळलेली फुलं, रंगीत खडे. शाळेभोवतीच्या प्रत्येक झाडाला सुतळीनं बांधलेली पाटी. वस्तू आधी हातात, मग तोंडात तिचं नाव, मग फळ्यावर, मग पाटीवर, असा ताईंचा क्रम. मी मूळची जतचीच, घरी दोन्ही भाषा बोलणारी. ताई मला विचारायच्या, कन्नडमध्ये याला काय म्हणतात? मी सांगायचे, हक्की म्हणजे पाखरू, मरा म्हणजे झाड. पाटीच्या मागच्या बाजूला तेही लिहिलं जायचं. पोरं वाचायला लागली. पिशवीवरचं, दुकानावरचं, टँकरवरचं, जे दिसेल ते. आमच्या शाळेचं नाव झालं. आणि नाव झालं की माणसं बघायला येतात.

मग एका साली पाऊस झालाच नाही. दिवाळी झाली आणि टँकर सुरू झाले. बरेचसे मेंढपाळ कळप घेऊन कृष्णाकाठी निघून गेले, पोरं आणि म्हातारी माणसं तेवढी मागं. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं, आमच्या शाळेनं तालुक्याला काहीतरी मांडावं अशी वरून इच्छा होती. ताईंनी बियांचं मांडायचं ठरवलं. व्हरांड्यात दोन मोठे ट्रे ठेवले. एकात शेंगदाणे, हुलगे, मटकी, तीळ, करडई. दुसऱ्यात करंज, सागरगोटे आणि बांधावरच्या मोगली एरंडाच्या काळ्या बिया. पाट्या ताईंनी स्वतः लिहिल्या. एकावर 'खाद्य बिया', दुसऱ्यावर 'अखाद्य बिया'. एरवी त्या इतके जड शब्द वापरत नसत. पण बघायला साहेब लोक येणार होते. मीही ती पाटी वाचली होती. मला ती छान वाटली होती.

अधिकारी आले. चौथीतल्या मायाक्काला पुढं बोलावलं. सिदाप्पा मेंढपाळाची ही थोरली मुलगी, वर्गात सगळ्यांत सुरेख वाचणारी. तिनं ट्रेपुढं उभं राहून खणखणीत वाचलं, "खाद्य बिया. अखाद्य बिया." जोडाक्षर कुठं अडखळलं नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. म्हणजे काय, हे कुणीच विचारलं नाही. साहेबांनी नाही, मी नाही... आणि ज्या एरवी विचारल्याशिवाय सोडत नसत, त्या ताईंनीही नाही. गाडी गेली, मधली सुट्टी झाली. त्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत खिचडीला उशीर झाला होता.

पहिल्यांदा उलटी झाली ती पहिलीतल्या बिरूला. मायाक्काचा धाकटा भाऊ. मग आणखी एक, मग आणखी दोन. पोट धरून पोरं व्हरांड्यात लोळायला लागली. ट्रेमधल्या काळ्या बिया अर्ध्या झाल्या होत्या आणि खाली सालं पडली होती. मोगली एरंडाची बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते म्हणतात. वाडीत त्या वेळी एकही जीप नव्हती. होता तो पाण्याचा टँकर, नुकताच येऊन उभा राहिलेला, आणि त्याच्यापुढं बायकांची घागरींची रांग. ताई बिरूला खांद्यावर टाकून धावत गेल्या. पोरांना केबिनमध्ये कोंबलं. ड्रायव्हर म्हणाला, भरलेली गाडी चढाला लवकर ओढायची नाही. रांगेत पुढं उभी असलेली एक म्हातारी होती, सकाळपासून थांबलेली. ती म्हणाली, "पानी सोड रं खाली. गाडी हलकी कर." बाकीच्या बायकांनी एकही घागर पुढं केली नाही. वेळच नव्हता. ड्रायव्हरनं तोटी उघडी टाकली आणि गाडी हाणली. मी वाडीतल्या एका तरण्या पोराच्या मोटरसायकलवर मागून निघाले, तेव्हा पार मोठ्या सडकेपर्यंत रस्त्यावर पाण्याची ओळ पडलेली होती. आठवड्याचं पाणी होतं ते वाडीचं. त्यावर नंतर कुणी एक शब्द बोललं नाही. पण ताई पुढं त्या रस्त्यानं नेहमी कडेनं चालायच्या.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात संध्याकाळपर्यंत बाकीची पोरं उठून बसली. बिरू लहान, त्याच्या अंगातलं पाणी फार गेलं होतं. त्याला सलाईनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, रात्र बघू. मायाक्का खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं स्वतः बी चाखलीच नव्हती, भावाला सोलून दिल्या होत्या. ताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. रागावल्या नाहीत. हळूच विचारलं, "माया, त्या पाटीवर तू काय वाचलं होतंस?"

"खाद्य."

"आणि त्याच्या आधी?"

"अ."

"मग?"

माया म्हणाली, "अ म्हंजी नंबर. पुस्तकात असतोय, अ, ब, क... तसा."

 मग ताईंनी विचारलं, खाद्य म्हणजे काय? माया म्हणाली, पोत्यावर लिहिलेलं असतंय, पशुखाद्य. शेरडांचं खाणं. शेरडं खातात ते माणसांनी खाल्लं तर काही होत नाही. मक्याचा भरडा ती पोरं येता-जाता तोंडात टाकायचीच. तिचा हिशेब कुठंच चुकला नव्हता. मी ताईंकडं बघितलं. त्या उठल्या, बाहेर नळावर गेल्या आणि बराच वेळ हात धुत राहिल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "धोतरा आणायचा होता गं त्या ट्रेत. राहून गेला होता."

दुसऱ्या दिवशी बिरूनं डोळे उघडले, पाणी मागितलं. दुपारी सिदाप्पा आला. कृष्णाकाठी कुणाच्या तरी उसाच्या फडात कळप बसवलेला होता, तिथं त्याला निरोप पोचला आणि मिळेल त्या गाडीनं तो निघून आला होता. तो काय करील याची सगळ्यांना भीती होती. आमचे केंद्रप्रमुख ताईंना म्हणाले, तुम्ही जरा आत थांबा. ताई थांबल्या नाहीत, समोर जाऊन उभ्या राहिल्या. सिदाप्पानं डोक्याचा पटका काढला, हातात धरला आणि खाली बघत म्हणाला, "माफी करा, बाई. पोरांनी साळंतलं चोरून खाल्लं. आमच्यात असं शिकिवलेलं न्हाई."

मी तेव्हा फरशीकडं बघत होते. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मान वर होत नाही.  माणूस अंगावर धावून येईल म्हणून ताई तयार होत्या. असं काही येईल याची तयारी नव्हती. त्या कशाबशा एवढंच म्हणाल्या, चोरलं नाही हो...

दोन-तीन दिवसांनी वाडीत चौकशी झाली. मारुतीच्या देवळापुढं सतरंजी टाकली होती. अधिकारी, केंद्रप्रमुख, सरपंच, झाडून सगळं गाव. केंद्रप्रमुख मनानं चांगले होते. ताईंची नोकरी सांभाळायची म्हणून त्यांनी जबाब लिहूनच आणला होता, मुलांनी शिक्षिकेची नजर चुकवून बिया खाल्ल्या. सही तेवढी करायची. ताईंनी वाचला आणि परत दिला. केंद्रप्रमुख हळू आवाजात म्हणाले, बाई, यात खोटं काय आहे? मधल्या सुट्टीत तुमची नजर चुकवूनच खाल्लं ना?

ताई उभ्या राहिल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. "नजर चुकवली नाही, साहेब. पोरांनी माझी पाटी वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. पाटी मी लिहिली होती. त्यांना न कळणाऱ्या शब्दांत लिहिली, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. कुणीही चोरी केलेली नाही. चूक माझी आहे, ती माझ्या नावानं लिहा."

तसं लिहिलं गेलं. व्हायचं ते झालं, नोटीस आली, ताशेरे आले. प्रदर्शनातून आमचं नाव निघालं. मुलांना शाळेच्या आवाराबाहेर नेऊ नये असा हुकूम आला. पण हुकमाची गरजच नव्हती. ताईंनी एका दुपारीत सगळ्या झाडांवरच्या पाट्या सोडल्या. खोपे, पिसं, खडे पोत्यात भरून मागच्या खोलीत टाकले. आणि खिडकी लावून पुस्तकातले धडे शिकवायला लागल्या. समुद्राचा धडा, बर्फाचा धडा. पोरं पुन्हा पाठ करायला लागली. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो, पण त्या काळात त्या माझ्याशीही कामापुरत्या बोलायच्या. वाडीतून जाताना सिदाप्पाचं घर आलं की मान खाली. पाणी आणायला बायका उभ्या असल्या की लांबून वळसा. कुणी त्यांना काही म्हणत नव्हतं. कुणी काही म्हणालं असतं तर बहुतेक त्यांना सोपं गेलं असतं.

त्यांना यातून बाहेर काढलं ते मायाक्कानं, आणि तिला ते माहीतही नसेल. ती पोरगी वाचायची थांबली होती. पुस्तक पुढं ठेवलं तर ओठ घट्ट मिटून बसायची. पाटीवर लिहून दाखवलं तर तोंड फिरवायची. ताईंना आधी वाटलं, घाबरली असेल. मग एक दिवस बिरूनंच सांगितलं, मायाक्कानं वाचून दिलं म्हणून मी खाल्लं, असं आजी म्हणते. त्या संध्याकाळी ताई मला बरोबर घेऊन त्यांच्या वस्तीवर गेल्या. म्हातारी चुलीपुढं बसली होती. ताईंनी तिच्यासमोर मायाला सांगितलं, तू बरोबर वाचलंस, मी चुकीचं लिहिलं. मी ते कन्नडमध्ये म्हातारीला समजावलं. माया ऐकत होती, पण तिला ते पटलं नाही. दहा वर्षांच्या मुलीला असं सांगून पटत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी एक कोरी पाटी आणि खडू मायापुढं ठेवला. म्हणाल्या, बांधावर ते झाड अजून आहे. उद्या आणखी एखादं लहान पोर तिथं जाईल. मला लिहिता येत नाही, तू लिही. बिरूला कळेल असं लिही. सबंध सकाळ माया पाटी मांडीवर घेऊन बसून होती. आम्ही दोघींनीही तिच्याकडं बघितलं नाही. सुट्टीच्या वेळी तिनं पाटी ताईंच्या टेबलावर ठेवली. लिहिलं होतं, 'खाऊ नको. लय उलटी हुतीय. तिन्नबेडा.' शेवटचा शब्द कन्नड, म्हणजे पुन्हा 'खाऊ नको'च, अक्षर मराठी. ताईंनी बिरूला बोलावलं, त्याच्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, म्हणजे काय रे? त्यानं झाडाकडं बोट केलं आणि पोटावर हात ठेवला. ताई तिथंच खुर्चीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. आम्ही तिघं-चौघं जाऊन ती पाटी झाडाला बांधून आलो. पुढं एक साहेब 'हुतीय'वर बोट ठेवून म्हणाले, हे शुद्ध करून घ्या. ताई म्हणाल्या, करत नाही साहेब, हे कळतं.

तिथून शाळा पुन्हा हळूहळू दारं-खिडक्यांबाहेर आली. पण ताई पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. वर्गातल्या सगळ्यांत धाकट्या पोराला अर्थ सांगता आल्याशिवाय एकही शब्द भिंतीवर चढायचा नाही, असा नियम झाला. त्यामुळं एकेका शब्दाला आठवडा लागायचा. तपासणीत आम्ही मागं पडायचो. ताईंना त्याचं काही वाटत नव्हतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यांना बोलायला बोलावलं की त्या टिटवीची गोष्ट सांगायच्या आणि लगेच ही. एकही तपशील गाळायच्या नाहीत. 'अ म्हंजी नंबर' म्हटलं की कुणीतरी हमखास हसायचं. ताई ते हसणं संपेपर्यंत थांबायच्या आणि मग बिरूच्या सलाईनचं सांगायच्या.  चहाच्या वेळी लोक मला म्हणायचे, इतकं कशाला उगाळतात त्या? त्या उगाळत नव्हत्या. त्यांच्या बाबतीत ते कधी जुनं झालंच नव्हतं.

निवृत्तीनंतर त्या लोणंदला गेल्या. मी सुट्टीत जायचे. शेवटची भेट या उन्हाळ्यातली. आजारानं अंग फार उतरलं होतं, पण डोळे तेच. इकडचं तिकडचं बोललो. निघायच्या वेळी त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "बिरूला शेंगदाणे चालतात का गं आता?" त्या प्रकारानंतर बरीच वर्षं तो शेंगदाणा तोंडात घालत नसे, हे त्यांना ठाऊक होतं. बिरू आता मिशा फुटलेला जवान पोरगा आहे, सांगलीत गाड्या दुरुस्त करायचं शिकतो. मी म्हणाले, चालतात हो ताई, कशाला तेच धरून बसलाय. त्यांनी मान हलवली. पण मला खात्रीनं माहीत नाही, हे त्यांनी ओळखलं असणार.

तेराव्याला मी लोणंदला गेले. मांडवात एका कडेला सिदाप्पा बसला होता. एवढ्या लांब, आमच्या माळावरून दोन गाड्या बदलून आलेला. थकलाय आता, मेंढरं पुतण्याकडं दिलीत. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बाहेर लिंबाखाली थांबलो. मी म्हणाले, तुम्ही आलात, ताईंना बरं वाटलं असतं, त्यांना तुमच्याबद्दल जन्मभर फार लागून राहिलं होतं. त्याला ते कळेना.  मग म्हणाला, "लागून? आवं मॅडम, उलट हाय. त्या वक्ताला आमच्या वाडीत लोक म्हनाय लागली हुती, सिदाप्पाची पोरं चोर हायत. माज्या आईनं दोन दिस भायेर तोंड दावलं न्हाई. मी बी कळपाकडं परत जाताना आडवाटंनं जायाचं म्हनत हुतो. आन बाईंनी देवळाम्होरं उबं ऱ्हाऊन सांगितलं, कुनी चोरी केल्याली न्हाई. साऱ्या गावाम्होरं. आमची इज्जत ठेवली त्यांनी."

मी विचारलं, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत?

तो खाली बघत म्हणाला, "कसं सांगायचं? आमी दिसलो का त्या मान खाली घालायच्या. आमाला वाटायचं, आपल्या पोरांपायी बाईंवर बालंट आलं, आता आपलं त्वांड त्यांना दिसू न्हाई. मग आमी बी दुसऱ्या वाटंनं जायचो."

 मी ओट्याच्या कडेवर बसले. दोन माणसं एकाच वाडीत इतकी वर्षं एकमेकांना चुकवून, वळसे घेऊन चालत राहिली. दोघंही लाजेनं. आणि त्या दोघांच्या मध्ये दोन्ही भाषा येणारी मी होते, दोघांच्या घरी चहा पिणारी. एकदा विचारलं असतं... ताई पोरांना सांगायच्या, शब्द दिसतो म्हणजे कळतोच असं नाही, थांबून विचारावं. मी ताईंची खाली गेलेली मान रोज बघत होते आणि मला वाटत होतं, मला ती कळली आहे. हे लिहिताना मला जी शरम वाटते आहे ती त्या एका पाटीची नाही. ताई ज्या गोष्टीला आपली फजिती समजून गेल्या, ती एका घराची अब्रू होती, हे त्यांच्यापर्यंत पोचवणं माझं काम होतं. ते आता कुणाचंच राहिलं नाही.

त्या रात्री मी लोणंदलाच राहिले. सकाळी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले तर सुभेदारसाहेब खिडकीशी बसून मोठ्यानं पेपर वाचत होते. समोरची खुर्ची रिकामी. निवृत्तीनंतर ताईंनी त्यांना ही सवय लावलेली, हे मला तेव्हाच कळलं. साहेबांनी वाचायचं, ताईंनी ऐकायचं आणि जड शब्द आला की थांबवून विचारायचं. मी दारातच थांबले. पाण्याच्या आवर्तनाची काहीतरी बातमी होती. ते एका सुरात वाचत गेले आणि एका शब्दापाशी थांबले. पेपर थोडा खाली केला. खुर्चीकडं बघितलं. विचारणाऱ्या माणसाला जेवढा वेळ द्यावा तेवढा दिला. मग घसा साफ करून, हळूच, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "अपरिहार्य... म्हणजे, टाळता न येणारं."

आणि पुढची ओळ वाचायला लागले.